शनिवारी न दुखणारं डोकं

"शनवारी दुखत न्हाय," सानिका म्हणाली आणि मी हातातली टॉर्च खाली ठेवली.

सानिका चौथीतली, वडगावच्या विणकर घरातली. महिनाभर ती शाळेतून डोकं धरूनच घरी येत होती. डोळे तपासून झाले होते, नंबर नव्हता. टीचरना ते नाटक वाटत होतं. वडील, म्हणजे तिचे अण्णा, पॉवरलूम बंद ठेवून तिला आणि तिच्या आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. डोक्यात गाठ असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. लगेच स्कॅन करायला ते तयार होते.

तपासणी नॉर्मल होती. पहाटेच्या उलट्या, झोपमोड, तोल जाणं, यातलं काहीच नव्हतं. स्कॅनची घाई नको, मी म्हटलं.

पण शनिवार मला सोडेना. शाळा तर शनिवारीही असते. गणिताची टेस्टही त्याच दिवशी. म्हणजे शाळेची भीती नव्हे. फरक एवढाच की शनिवारी अर्धा दिवस शाळा, डबा नाही.

डब्यात काय देता, मी आईला विचारलं.

"भाकरी, भाजी, शेंगाची चटणी. भाईरचं कायबी न्हाय."

सानिका खाली बघत राहिली. मी आईवडिलांना जरा बाहेर बसवलं. नर्ससमोर मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या बाकावरची रिया सांबऱ्याहून येते. रियाला चटणी-भाकरी आवडते, हिला रियाच्या डब्यातलं सॉसेज. रोज डब्यांची अदलाबदल. आमच्यात मांस चालत नाही, अण्णांना सांगू नका, ती म्हणाली. मी म्हटलं, तूच सांग, मी शेजारी बसते.

तिनं सांगितलं. अण्णा माझ्याकडे वळले.

"गाठ न्हाय न्हवं? मग खाऊ दे की," ते म्हणाले.

पण तेही नको, मी समजावलं. सॉसेज, सलामी टिकावी, गुलाबी दिसावी म्हणून त्यात नायट्राइट घालतात. काहींच्या रक्तवाहिन्या त्यानं सैल होतात आणि डोकं ठणकतं. मीठही भरपूर असतं. आणि असलं मांस वर्षानुवर्षं रोज खाल्लं तर पुढे आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

हे कानावर गेल्यावर काही दिवसांनी रियाची आई भेटायला आली. ती बँकेत नोकरीला, सकाळी घाई. सॉसेज तळलं की डबा तयार. प्रोटीन तर मिळतं ना, तिनं विचारलं. अंड्यातून, उसळीतूनही मिळतं, मी म्हटलं. घरी तर रियाही तेच खाते, मग तिचं डोकं का दुखत नाही, तिनं विचारलं. सगळ्यांची शरीरं सारखी वागत नाहीत, एवढंच सांगता आलं.

सॉसेज बंद झालं, डोकेदुखीही थांबली. तरी माझी खात्री अर्धवटच होती. मग एके दिवशी सानिका आईसोबत आली, चेहरा खुललेला. रियाच्या वाढदिवसाला तिनं मुद्दाम एक सॉसेज खाऊन बघितलं होतं.

"लई दुखलं," ती खुशीत म्हणाली.

तेव्हापासून डब्याचा प्रश्न मी दोनदा विचारते. काय भरलं, हे आईला. काय खाल्लं, हे मुलाला.