रेघेखालचे डाग

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली ही मुलगी टेनिस शिकायला अमेरिकेतल्या अकादमीत गेली होती. सुट्टीला आली, की सकाळी सहालाच पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बॉल मारायला सुरुवात. काहीही विचारा, आधी रॅकेटवर बॉलचे दोन टप्पे, मग उत्तर.

"तिकडे जेवायला काय असतं गं?"

टप, टप. "उकडलेलं, काका."

भिंतीवर नेटच्या उंचीची रेघ मीच मारून दिली होती, ती नऊ वर्षांची असताना. जिमखान्यात जाऊन खांबापाशी सुतळीने मोजून आणली होती. मी चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो, की तिचा प्रत्येक बॉल रेघेच्या वर बसायचा. मला बरं वाटायचं.

त्या मे महिन्यात टाकीचा वॉल्व्ह बंद करायला खाली गेलो, तर बॉलचे ताजे डाग रेघेच्या खाली दिसले. संध्याकाळी जिमखान्यात जाऊन नेट नीट पाहिलं. मध्यभागी ते पट्ट्याने सहा इंच खाली ओढलेलं होतं; मी मोजलं होतं खांबापाशी, म्हणून माझी रेघ सहा इंच उंच. म्हणजे मी गॅलरीत दिसलो की बॉल वरून, आत गेलो की खरी प्रॅक्टिस.

"तुला कधी कळलं?"

टप, टप. "तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात. कोचने विचारलं, एवढे उंच का मारतेस."

"वाट लावली की मी तुझी! काय सांगितलंस?"

या वेळी टप्पे जास्त पडले. "सवय आहे म्हटलं."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचा चहा स्वयंपाकघरातच घेऊ लागलो.