अंगठा आधी तुमचा

आमच्या सेंटरच्या हजेरीपटात शेवटी एक रकाना आहे, गैरहजेरीचं कारण. खरे किस्से तिथेच साठत जातात. 'बूट ओले.' 'आई बाजारात.' 'सर ओरडले.' हे शेवटचं वाचून मी पुन्हा ओरडलो, तर दुसऱ्या दिवशीही तेच कारण!

सेंटर म्हणजे पालघरच्या बाहेर एक मैदान आणि पत्र्याची एक खोली. नियम एकच. गृहपाठाची वही दाखवायची, मग कपाटातून धावायचे बूट मिळणार. वही नाही तर बूट नाहीत. मी इथला कोच, आणि स्वभावानं पक्का संशयी. बायको म्हणते, "तुम्ही प्रसादसुद्धा वास घेऊन खाता." खरं आहे. पण आमच्याकडे येणारे आईबाप माझ्या चार पावलं पुढे!

यंदा तर वनिताचा फॉर्म सहीवाचून माझ्या बॅगेत पडून होता. वनिता मनोरकडच्या एका पाड्यावरची, दहावीत शिकते, आठशे मीटर धावते. पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. फॉर्मवर फक्त पालकाची सही हवी होती, आणि तिचा बाप देवराम सही करायला तयार नव्हता. सही नाही तर पुणे नाही. ते सांगतोच, पण आधी बाकीचे नग ऐका.

* * *

सातपाटीची प्रणाली पहिल्या दिवशी नवे बूट हौसेनं घरी घेऊन गेली. दुसऱ्या सकाळी तिची आई हजर. बूट मासळीच्या टोपलीत!

"हे घ्या परत. फुकट कोन देतं? आमी मांजराला पन म्हावरं टाकताना बघतो, कुनाचं मांजर हाय ते!"

मी हात जोडले. बाईनं ऐकलं नाही. आठ दिवस मैदानाच्या कडेला बसून तिनं माझ्यावर पाळत ठेवली. मी शिट्टी वाजवली तरी चोरी केल्यासारखं वाटायचं.

नवव्या दिवशी प्रणाली स्टार्टला रेंगाळली. मी तोंड उघडायच्या आत बाईच कडाडली, "गो, धावायला आलीस का बाजार बघायला?"

प्रणाली सुसाट सुटली. बाई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "सर, तुमी नक्की काय काम करता?"

* * *

गणित आम्ही मैदानावरच घेतो. आपली वेळ आपण लिहायची आणि कालच्यातून आजची वजा करायची. कुंभवलीचा सूरज रोज बरोब्बर एक सेकंदानं सुधारायचा. ओळीनं दहा दिवस! मला शंका आली. अकराव्या दिवशी घड्याळ मी हातात घेतलं.

"काय रे, वहीत एक सेकंद कमी, आणि इथे तर तीन सेकंद जास्त?"

सूरज शांतपणे म्हणाला, "सर, वजाबाकी तपासा. ती बरोबर आहे. धावणंच चुकलंय."

त्याचे वडील बोईसरला कारखान्यात आहेत. त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "सर, दौड़ने से नौकरी लगेगी? लिखके दोगे?" मी नाही म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "ठीक है. लिखके देते, तो लड़के को निकाल लेता."

* * *

मदत करणाऱ्या मंडळींपैकी एक बाई मुंबईहून पाहणीला आल्या. बराच वेळ मुलांच्या पायांकडे बघत होत्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ही मुलं खरंच गरजू आहेत ना? नाही, बूट बरेच महागातले दिसतात."

"मॅडम, तुम्हीच पाठवलेत!"

तरी बाईंनी एका पोराचा पाय उचलायला लावून बुटाच्या तळावरचा कंपनीचा छाप बघितलाच.

* * *

आता मी काय केलं, तेही सांगायला हवं. वनिताची वही चाळताना मागची पानं बघून माझं डोकंच फिरलं. पानंच्या पानं वेडीवाकडी बाराखडी! 'द' तर असा, की त्याची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली. दहावीची मुलगी अक्षरं गिरवते? म्हटलं, ही गृहपाठ दुसऱ्याकडून करून घेते.

"हे कुणी लिहिलं?"

तिनं वही मिटून छातीशी धरली.

"घरात लहान कोण आहे?"

"कोन नाय, सर."

"मग बूट नाहीत!"

तीन दिवस ती अनवाणी धावली. तीनही दिवस पहिली आली. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम म्हणून मी कपाट उघडलं नाही.

त्याच आठवड्यात मी फॉर्म घेऊन पाड्यावर गेलो. देवरामनं कागद उन्हासमोर धरून उलटसुलट पाहिला.

"सर्व्हेवाले पन आसंच बोलले व्हते. नुसता अंगठा, बाकी काय नाय. मंग शेतात खुनेचे दगड आले."

"अहो, हे पोरीच्या धावण्यासाठी आहे."

"धावायला कागद कशाला लागतो?"

मी फॉर्म परत बॅगेत घातला. निघताना वनिता दारापर्यंत आली. "सर, फॉर्म फाडू नका. ऱ्हाऊ द्या बॅगेत."

चौथ्या दिवशी, फॉर्मच्या शेवटच्या तारखेला, सकाळी देवराम स्वतःच मैदानावरच्या खोलीत आला. वहीचं एक पान माझ्यापुढे धरलं. अक्षर वनिताचं. 'मी वनिताला पुण्याला नेतो. धावून झाल्यावर घरी आणून सोडीन. दहावीची परीक्षा चुकू देणार नाही. जमीन मागणार नाही.'

मी पेन काढलं.

"सही नाय. अंगठा."

"अहो, मला लिहिता येतं!"

"आमच्या बाला पन कुनी इचारलं नवतं, लिवता येतं का."

सगळी पोरं बघत होती. मी स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवला आणि त्या पानावर उठवला. देवरामनं तो उजेडात धरून पाहिला, फुंकर मारून वाळवला, पान घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "द्या तुमचा."

मी फॉर्म दिला आणि स्टॅम्पपॅड पुढे सरकवलं. त्यानं ते बाजूला केलं. माझं पेन घेतलं, फॉर्म बुटांच्या कपाटाला टेकवून धरला, आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढायला लागला. पहिलाच 'द'. त्याची शेपटी रेघ ओलांडून खालच्या चौकटीत घुसली.

मी वनिताकडे पाहिलं. ती वही उघडी धरून उभी होती, मागची पानं वर करून.

"सर," ती म्हणाली, "बूट."