घुबडाच्या पिंजऱ्यावर सासूबाईंची पाटी

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ जिथे जागा मिळेल तिथे बसतात, आणि अक्षर असं की वाण्याची यादी हातात घेऊन आमचे हे विचारतात, "हे जिरे आहेत की जोडे?" (वाणी मात्र न चुकता जिरेच देतो. वाण्याला माणसाची पारख असते.) तेव्हा ज्याच्या हाती ही वही लागेल त्याने सांभाळून घ्यावं.

सांगायचं एवढंच, की आमच्या सासूबाईंचं नाव वर्षभर घुबडाच्या पिंजऱ्यावर लागलं होतं, आणि ते मी लावलं होतं.

मी मुळातच गप्प बाई. शिकलेलं माणूस समोर येऊन बोलायला लागलं की मला शब्द सुचत नाहीत, म्हणून मी मान हलवते. हो, हो, हो. त्या वर्षांत दारोदार टाय लावलेली मुलं वस्तू विकत फिरायची. सतरंजीसुद्धा फाटकी असलेल्या आमच्या घरात गालिचा साफ करायचं यंत्र आलं, ते माझ्या मानेमुळे! परत करायला हे गेले होते. मी कशी जाणार? मी पुन्हा मान हलवली असती आणि दुसरं घेऊन आले असते.

तेव्हा आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. हे फॅक्टरीत, आणि आमचा संजय नुकताच कंप्युटरच्या कंपनीत लागलेला. काचेची इमारत, जायला-यायला थंड हवेची बस, गळ्यात फोटोचं कार्ड. ते कार्ड तो जेवतानाही काढत नसे. एकदा आमटीत बुडालं. त्या कंपनीने एका रविवारी सगळ्यांच्या घरच्यांना प्राणिसंग्रहालय बघायला न्यायचं ठरवलं. (हा शब्द मला पुन्हा लिहायला लावू नका. पुढे मी नुसतं बाग म्हणेन.) बागेत म्हणे पुष्कळ नवीन केलं होतं. आवाज न करणारी बॅटरीची गाडी होती, आणि एक अंधारघर होतं. त्यात भरदिवसा रात्र करून रात्रीचे प्राणी जागे ठेवतात.

आता दातांचं सांगते, कारण सगळं दातांवरून झालं.

सासूबाईंच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी कवळीचे अडीच हजार सांगितले होते. सासूबाईंनी भाऊबिजेच्या ओवाळण्या साठवून साठवून ते जमवले. वैशाखात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, त्याआधी कवळी व्हायलाच हवी होती.

"मागच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मी तोंडाला पदर लावून बसलेय," त्या म्हणायच्या. "लोकांना वाटलं, म्हातारी रडतेय. ह्या लग्नात मी हसणार. कॅमेऱ्यात बघून हसणार!"

त्या रविवारी सगळे बाहेर जाणार, घर बंद. सासूबाईंनी कपाटातून पैसे काढून माझ्या बटव्यात ठेवले.

"अहो आत्याबाई, कुलूप आहे ना कपाटाला," मी म्हटलं.

"कुलूप बघून चोर येतो. तुझ्याकडे बघून कोण येणार?"

मी मान हलवली.

बागेत पोचल्यावर सासूबाई बॅटरीच्या गाडीत बसल्या. एक फेरी झाली, सगळे उतरले, त्या उतरेनात. "अजून हरणं नीट दिसली नाहीत," म्हणाल्या. संजय दुसरं तिकीट काढायला धावला. हे मगरीला बघण्यात गुंगले होते, आणि मगर ह्यांना. मी एकटी एका टेबलासमोर उभी राहिले. टेबलामागे बांगड्यांएवढी कानातली घातलेली एक गोड मुलगी होती.

"काकू, दोन मिनिटं?"

मी मान हलवली.

"ह्या गाडीचं तिकीट आहे ना, त्यातून अस्वलाचं खाणं येतं. अंधारघराच्या तिकिटातून औषधं येतात. लोक मजा करतात आणि प्राण्यांचं पोट भरतं. छान ना?"

छान होतं. मान हलवली.

"शिवाय आम्ही पालक शोधतोय. वर्षाचा खर्च द्यायचा, पिंजऱ्यावर तुमच्या नावाची पाटी. वाघाला तर रांग लागलीय! पण आमच्या घुबडाला कोणी विचारत नाही. मांज्यात अडकून पंख तुटला बिचाऱ्याचा, आता कधी उडणार नाही. लोक अपशकुनी म्हणून पुढे जातात. तुम्ही मानता का असलं काही, काकू?"

इथे मात्र मी मान आडवी हलवली. आयुष्यात एकदा माझी मान 'नाही' म्हणाली, तीसुद्धा नको तिथे!

"मला वाटलंच! मग करू पावती? वर्षाचे दोन हजार."

दोन हजार ऐकून माझी मान थांबायला हवी होती. पण ती एव्हाना लयीत आली होती. उभी, आडवी, उभी... आणि मागून टाळ्या वाजल्या! वळून बघते तर संजयचे मोठे साहेब.

"वा, काकू! बघा रे, शिका जरा! नुसते फोटो काढत फिरताय!"

सगळी कंपनी माझ्याकडे बघायला लागली. पोराच्या नोकरीला चार महिने झालेले, आणि साहेब टाळ्या वाजवतायत. आता 'नाही, मी सहज मान हलवली' असं कुठल्या तोंडाने सांगू? मी बटवा उघडला.

"नाव काय लिहू?" मुलीने विचारलं.

इथे खरी पंचाईत झाली. ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तिथे टेबलासमोर, साहेबांपुढे उखाणा घेऊ? माझं नाव सांगायचं तर एवढ्या लोकांत लाज वाटली. संजय गाडीमागे धावत होता. आमच्या रेशनकार्डावर पहिलं नाव सासूबाईंचं. कुठेही नाव विचारलं की तेच सांगायची सवय.

"गोदावरीबाई पवार," मी म्हटलं. "खडकी."

परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी बटवा मागितला. मी दिला. त्यांनी मोजले. पुन्हा मोजले. मग मी खाली बघून हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी ते हळू आवाजात ऐकलं नाही.

"माझे दात घुबडाला घातलेस?"

पुढच्या सीटवरून साहेबांनी मागे वळून पाहिलं.

"आजी, मी देतो ना पुढच्या पगारात," संजय कुजबुजला.

"नातवाच्या पैशाचे दात मी लावणार नाही."

"मग मी देतो," हे म्हणाले.

"तू मगर बघ. जिने घालवले, तीच भरेल."

झालं! चौथी शिकलेल्या बाईला दोन हजार कोण देणार? पण रुळांपलीकडे नव्या इमारती झाल्या होत्या आणि त्यात संजयसारखीच कंप्युटरची मुलं चार-चार जण मिळून राहायची. घर दूर, पगार जोरात, आणि स्वयंपाकाच्या नावाने शंख. संजयने एका फ्लॅटमध्ये सांगितलं, आणि मी पोळी-भाजी द्यायला लागले. सकाळी कणीक तिंबताना प्रत्येक गोळ्यात मला एक दात दिसायचा.

पोळ्या जमल्या, पैसे मागणं जमेना. महिना झाला की मी दारात डबा ठेवून घुटमळायची. मुलं म्हणायची, "काकू, काही हवंय का?" मी म्हणायची, "नाही नाही, पाऊस येईल असं वाटतंय." (भर फेब्रुवारीत!) शेवटी सासूबाईच वसुलीला निघाल्या. म्हणजे मी देणं लागत होते त्यांचंच, आणि ते त्यांना मिळावं म्हणून दारोदार हिंडायच्या पण त्याच! सकाळी अकरा वाजता त्यांनी फ्लॅटची कडी वाजवली. अर्ध्या चड्डीतला एक मुलगा डोळे चोळत बाहेर आला.

"आजारी आहेस का रे?"

"नाही आजी, नाइट शिफ्ट. रात्री अमेरिकेचं काम, दिवसा झोप."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुला बरोबर सापडतात हो! इथेपण घुबडंच."

पैसे मात्र जागेवर मिळाले. त्या दारातून हलल्याच नाहीत.

एवढ्यावर निभावलं असतं. पण शेजारच्या माने वहिनी मुलांच्या शाळेबरोबर बागेत जाऊन आल्या आणि पाणी प्यायच्या आधी आमच्याकडे आल्या.

"अहो, बागेतल्या घुबडाचं नाव गोदावरीबाई ठेवलंय! पाटी आहे! आमची पोरं तासभर ओरडत होती, गोदावरीबाई, मान फिरवा! गोदावरीबाई, मान फिरवा!"

सासूबाई बसल्या जागी ताठ झाल्या. "सुमन, पातळ बदल. बागेत जायचंय."

दोन बस बदलून आम्ही गेलो. खिडकीतल्या कारकुनासमोर सासूबाई उभ्या राहिल्या. (तोंडात दात नसले तरी जीभ होती.)

"ती पाटी काढा."

"पाटी वर्षभर निघत नाही," कारकून मान वर न करता म्हणाला.

"मला बदलून पाहिजे!"

"पाटी बदलत नाही. प्राणी बदलून हवा असेल तर तरस शिल्लक आहे."

सासूबाई माझा हात धरून तरातरा निघाल्या. आम्ही अंधारघरात शिरलो. आत निळा मिणमिणता दिवा. चाचपडताना सासूबाईंनी एका गृहस्थांचा हात धरला आणि, "सुमन, जाड झालीस गं," म्हणाल्या. मग पाटी दिसली, तिच्यावर छोटा दिवाही लावला होता. वर 'घुबड'. खाली, 'रात्री जागते. मान पूर्ण मागे वळवते. शेतातले उंदीर खाऊन धान्य वाचवते.' आणि त्याखाली, 'श्रीमती गोदावरीबाई पवार, खडकी.' मी डोळे मिटले. खरं सांगते, एकही गोष्ट चुकीची लिहिलेली नव्हती.

तेवढ्यात खाणं घालणारा माणूस आला. घुबडाने उंदीर उचलला आणि अख्खा गिळला.

"हे चावत नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"दातच नसतात आजी त्याला. गिळायचं आणि गप्प बसायचं."

सासूबाई जाळीपाशी सरकल्या. घुबडाने एक पंख लोंबता ठेवूनच मान फिरवली आणि त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ दोघं एकमेकांकडे बघत होती.

"दात नाहीत, पंख नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या, "पण बसलंय बघ कसं. जहागीरदार!"

मागे शाळेची पोरं आली आणि ओरडायला लागली, "गोदावरीबाई, मान फिरवा!" सासूबाईंनीच मान फिरवली. "अरे मेल्यांनो, ते माझं नाव! मी त्याला पोसते! गप्प उभे राहा, त्याला त्रास होतो!" पोरं दोन पावलं मागे सरली. मास्तरसुद्धा.

पालकांना तिकीट लागत नाही, गाडीची फेरीही फुकट, हे कळल्यावर तर विचारू नका. त्या दर महिन्याला जायला लागल्या, आणि जाताना क्वार्टरमधल्या चार-पाच बायकांना घेऊन जायच्या. बायका तिकिटं काढायच्या, ह्या फुकट. "अगं, तुझ्या तिकिटात अस्वल जेवतं," असं बजावायच्या. माने वहिनींना तर दोन फेऱ्या मारायला लावल्या.

मला वाटलं, आता कर्ज माफ होईल. छे! "घुबड माझं. पैसे तुझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

लग्नापर्यंत अर्ध्याच्या वर पैसे फिटले होते. डॉक्टर म्हणाले, वरची कवळी आधी करू. ती कॅसेट अजून आहे. नवरीपेक्षा सासूबाईंचंच हसणं जास्त आलंय. वर पांढरी शुभ्र रांग, खाली काही नाही. पंगतीत मात्र बुंदीचा लाडू त्यांनी मठ्ठ्यात बुडवून खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी माझाही लाडू मठ्ठ्यात बुडवला.

मी पोळ्या करत राहिले. दर महिन्याला पैसे त्यांच्या हातात ठेवायची, त्या अंगठा ओला करून मोजायच्या आणि कनवटीला लावायच्या. किती उरले हे त्यांच्या डोक्यात. पावसाळ्यात खालची कवळी बसली. सासूबाई शेंगदाणे खायला लागल्या, तेही माझ्यासमोर बसून, कडाकडा. मला दिसत होतं, ऐकूही येत होतं. पण 'अहो, किती राहिले?' असं तोंडावर कसं विचारायचं? त्यांना वाटलं असतं, हिच्या जिवावर आलंय. मी आपली देत राहिले.

दिवाळीच्या तोंडावर मी पैसे पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला.

"पुरे आता. तुझे पूर्ण फिटले."

मला रडूच फुटलं. "फिटले? आज?"

"आज कशाला? श्रावणातच फिटले."

"अहो आत्याबाई, मग नंतर दिलेले?"

"त्यात थोडे घालून पुढच्या वर्षाचं घुबड भरलं."

"पण मला सांगितलं का नाहीत?"

सासूबाईंनी दोन्ही कवळ्या दाखवत हसून विचारलं, "तू विचारलंस का?"

आता सासूबाई नाहीत, ते क्वार्टरही सुटलं, आणि रुळांपलीकडच्या इमारतींत कोण राहतं मला माहीत नाही. पण अजून कुणी कर्जाचा विषय काढला की मी छातीवर हात ठेवून सांगते, मी माझं सगळं कर्ज फेडलं, पै न् पै. एवढंच काय, फिटल्यावरही तीन महिने फेडत होते!