गोठलेल्या पुऱ्या आणि तव्यावरचे आयते

परवा फोनवर तुम्ही दोघे कुरकुरत होतात, की आईने डब्यातले पाकिटबंद केक आणि क्रीमची बिस्किटे का बंद केली. तिला विचारलेत तर ती पाकिटामागचा बारीक मजकूर वाचून दाखवील. मी तुम्हाला तिच्या शाळेतला आनंदमेळावा सांगते. तो दिवस आठवला की मला आजही एका जागी बसवत नाही.

नव्वदचे दशक संपत आले होते. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी राहत होतो आणि तुमचे आजोबा राईस मिलमध्ये नोकरीला होते. त्यांच्या छातीत दुखू लागले तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी वनस्पती तूप घरातून काढायला सांगितले. तळणीचे उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवू नका, आणि हे मुलांच्या जेवणालाही लागू आहे, असे त्यांनी बजावले. ‘ट्रान्स फॅट’ हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. आजोबांचा स्वयंपाक मी जवसाच्या तेलात, तोही बेताच्या, करू लागले. पण तुमच्या आईचे खाणे सासूबाईंच्या, म्हणजे तुमच्या पणजीच्या ताब्यात होते. त्यांचे बालपण घाण्याच्या तेलावर गेलेले. नातीच्या ताटात दुकानातले पांढरेशुभ्र तूप पडते याचा त्यांना अभिमान होता. दुखणे मोठ्या माणसाला आहे, पोरीला काय झाले, असे म्हणून त्या मला गप्प करत.

त्यात आनंदमेळावा आला. मुलांनी खाऊची दुकाने मांडायची होती. तुमच्या आईने जाहीर केले, ती आयते करणार. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार धिरडी. अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचायचा, तेलात जेमतेम बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. तेल लागते ते तेवढेच.

सासूबाई हसल्या. “भज्या-समोशाच्या मंधात तुये आयते कोन खाईल वं?”

मग आजी-नातीचा करार झाला. टेबल एकच, अर्ध्यावर आयते, अर्ध्यावर आजीच्या वनस्पतीत तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. ज्याचा माल आधी संपेल त्याच्या म्हणण्याप्रमाणे पोरीचे खाणे शिजेल. तुमच्या आईने लगेच हातावर टाळी दिली. ती हरली असती तर मला पुन्हा तोंड उघडायला जागा उरली नसती.

पुऱ्या आदल्या संध्याकाळीच तळून डब्यात भरल्या. सकाळी शाळेच्या मैदानावर जानेवारीची थंडी नुसती झोंबत होती. चहूकडून भज्यांचा वास सुटलेला. आमच्याकडे आलेली मुले पुऱ्याच मागत. आमचा बिडाचा तवा काही तापेना. पहिला आयता चिकटला, दुसरा फाटला. सासूबाई शाल लपेटून खुर्चीवर बसल्या होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. तुमच्या आईचे डोळे भरले, पण उलथणे तिने सोडले नाही. मी स्टोला पंप मारत राहिले.

आणि तवा तापला! पीठ पडताच चर्र झाले, जाळी फुलली, कडा आपोआप सुटल्या. वर जवसाची चटणी, घडी, पळसाच्या पानावर गरम गरम हातात. तेवढ्यात पुरी खाणारी एक चिमुरडी थांबली आणि टाळूवरून जीभ फिरवू लागली.

मैत्रिणीला म्हणाली, “मेणावानी चिकटून राह्यलं.”

उघड्या डब्यातल्या पुऱ्यांवर थंडीने गोठलेल्या वनस्पतीचा पांढरा थर जमला होता. त्या दोघींनी आयते घेतले, खाल्ले आणि आणखी चार जणींना घेऊन आल्या. बघता बघता रांग लागली! मी पीठ ओतत होते, तुमची आई उलटत होती, दोघींनाही मान वर करायला सवड नव्हती. तिच्या वर्गाच्या बाईंनी उभ्याउभ्या दोन खाल्ले. शेवटी पातेले खरवडून निघालेला आयता इवलासा झाला, तोही एकाने मागून नेला. पुऱ्यांचा डबा अर्धा तसाच होता.

सासूबाईंनी एक पुरी उचलली, नखाने खरवडली आणि नखातला पांढरा थर बराच वेळ पाहिला.

“पोटात बी असंच जमते का वं?”

मी खरे ते सांगितले. पोट गरम असते, तिथे असे गोठत नाही. गोठायला साजूक तूपही गोठते. पण हे कारखान्यात तेलापासून घट्ट बनवलेले असते आणि डॉक्टर म्हणतात, त्याने रक्तवाहिन्या खराब होतात. लहानपणी लागलेली चव मोठेपणी सुटत नाही, म्हणून पोरांना आधी जपायचे.

“मंग पोरीले काऊन देऊन राह्यलो आपन?” त्या म्हणाल्या.

तुमच्या आईने तिथेच उडी मारली. शब्द म्हणजे शब्द, हे सासूबाईंना मान्य होते. पण इतक्या सहज हार मानतील त्या सासूबाई कसल्या? त्यांनी अडचण काढली. “चतुर्थीले कांदा चालत नाई. तव्याले तेल कायनं लावशीन?”

“वांग्याच्या देठानं,” पोरगी म्हणाली.

सासूबाईंनी शाल सावरली आणि नातीचा हात धरून थेट बाजाराकडे निघाल्या, लांब देठाची वांगी निवडायला. तवा घासायचे काम माझ्याकडे राहिले.