रुपालीनं निवडलेली शाळा

मिरजगावात बसस्टँडच्या मागं रुपालीचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. नवरा सुनील सैन्यात. कधी राजस्थानात, कधी अरुणाचलात. सुट्टीवर येतो तेवढाच दोघांचा संसार. घरी सासू आक्काबाई आणि लेक सृष्टी.

सृष्टी दुसरीत असताना शाळेत बोलायची बंद झाली. शाळा इंग्रजी माध्यमाची, पिवळ्या बसची. गावातल्या बऱ्या घरांतली सगळी मुलं तिथंच. बाईंनी रुपालीला बोलावून सांगितलं, "हजेरीलासुद्धा तोंड उघडत नाही. एकदा कान तपासून घ्या." नगरला नेऊन दाखवलं. कान चांगले होते. घरी ती बोलायची, पण दिवसेंदिवस कमी, आणि तेही कुजबुजत.

एका दुपारी रुपालीनं पाहिलं, सृष्टीनं दोऱ्याची रिकामी रिळं ओट्यावर रांगेत उभी केली होती आणि हातात पट्टी घेऊन समोर बसली होती. "फिंगर ऑन लिप्स," ती दबक्या आवाजात म्हणाली आणि एकेक रीळ पट्टीनं आडवं केलं. रुपालीनं हाक मारली नाही. ती मशीनवर जाऊन बसली, पण पाय चालेनात.

कर्जत रस्त्याला एका शेतात नीलांबरी आणि शामकांत या नवरा-बायकोनं छोटी शाळा काढली होती. दोघं आधी पुण्यात शिकवायचे. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, डझनभर मुलं. शिकवणं मराठीतून, परीक्षा नाही. गावात तिला 'खेळायची शाळा' म्हणत आणि म्हणताना हसत. रुपाली एक दिवस सृष्टीला घेऊन तिथं जाऊन बसली. एका कणसात ज्वारीचे दाणे किती, यावर मुलांची भांडणं चालली होती. सृष्टी आईच्या पदराआडून बघत राहिली. नीलांबरीताईंनी तिला नावही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि आपल्या कामाला गेल्या.

निघताना रुपालीनं विचारलं, "ताई, इथं घातली तर बोलंल का वो ही?"

"ते मी नाही सांगू शकत," नीलांबरीताई म्हणाल्या. "आणि अजून एक ऐकून ठेवा. गावातल्या मुलांची एक बस असते, एक गणवेश असतो, तेच त्यांचं जग. त्यातून ही बाहेर पडेल. तुम्हीसुद्धा पडाल. आयांनाच ते जास्त जड जातं. घाई करू नका."

कुणीतरी आग्रह करील, मग आपण हो म्हणू, असं रुपालीला वाटलं होतं. येताना होतं त्याहून जास्त ओझं घेऊन ती परतली.

आक्काबाई म्हणाल्या, "पोरं भितात, मंग सरावतात. शाळा म्हंजे शाळा असती. सुनील न्हवता का भीत?"

सुनीलला फोन लागला तेव्हा त्याचा आवाज तुटत होता. "तुला काय वाटतं?"

"तुमी सांगा ना."

"मी हितनं काय सांगू? मी काय बघितलंय का? तू म्हनशील ते."

फोन बंद झाल्यावर तिला वाटलं, यानं भांडायला पाहिजे होतं. न्हाई घालायची म्हणाला असता, तरी दोघांनी मिळून ठरवल्यासारखं झालं असतं.

जूनमध्ये तिनं सृष्टीला त्या शाळेत घातलं. रोज सकाळी स्कूटीवर पुढं उभी करून न्यायची. वाटेत पिवळ्या बसची वाट बघत बायका उभ्या असायच्या. काल-परवापर्यंत रुपाली त्यांच्यातच होती. आधी त्या हात करायच्या, मग कमी झालं. एकदा मोनिका दुकानात आली. तिच्या अंगदच्या गृहपाठाचं, त्याच्या मार्कांचं बोलली आणि मध्येच थांबून म्हणाली, "तुमचं आता येगळंच हाय बाई." रुपालीनं टेप उचलून तिचं माप घ्यायला सुरुवात केली.

श्रावणात एका दुपारी नीलांबरीताईंचा फोन आला. खेळताना एका मुलानं दोरी ओढून घेतली, तशी सृष्टी ओरडली होती, "सोड! माझी पाळी हाय!" सगळी शाळा वळून बघायला लागली होती.

रुपालीनं लगेच सुनीलला फोन लावला. लागला नाही. आक्काबाई शेतात गेलेल्या. समोर एक गिऱ्हाईक बाई बसली होती. "आमची सृष्टी बोलली," रुपाली तिला म्हणाली.

"आं? आधी बोलत नव्हती का? बरं, हुकं घट्ट लावा हं."

रुपालीनं हुकं घट्ट लावली.

संक्रांतीच्या सुमाराला सुनील सुट्टीवर आला तो बातमी घेऊनच. पुढचं पोस्टिंग पठाणकोटला, आणि फॅमिली क्वार्टर मिळणार होतं. लग्न झाल्यापासून दोघं याची वाट बघत होते. "आर्मीची शाळा हाय तिथं, एकदम भारी," तो म्हणाला. रुपालीच्या डोळ्यांपुढं ते स्वयंपाकघर उभं राहिलं. त्याच्या डब्याची घाई, संध्याकाळी दारात त्याचे बूट.

सृष्टी जवळ आली आणि कुजबुजली, "पप्पा, तिथं बस असती का?"

पिवळ्या बसच्या दिवसांतला तो आवाज दोघांनीही ओळखला. श्रावणापासून सुनील फोनवर ऐकत होता ती सृष्टी ही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सोडायला तोच गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहिला. घरी आल्यावर बूट काढत ओट्यावर बसला.

"काय म्हनल्या ताई?"

"काय न्हाई. मला हरभऱ्याचे घाटे सोलाया बसवलं. ही पोरांना सांगती, माझ्या पप्पांना बंदूक चालवता येती, पन दोरीवरच्या उड्या न्हाई येत." तो हसला. मग म्हणाला, "लई बोलती गं."

"मंग?"

"तुमी हितंच राहा."

"मला यायचंय वो," रुपाली म्हणाली.

"ठावं हाय मला."

"ताईंची शाळा सातवीपर्यंत हाय. तवर क्वार्टर राहील का?"

आक्काबाई आतून म्हणाल्या, "शाळंपायी नवऱ्याला सोडून राहतंय का कुनी?"

सुनील एकटाच पठाणकोटला गेला. ते क्वार्टर दुसऱ्या कुणाला मिळालं. आता संध्याकाळी मशीनशेजारी बसून सृष्टी बोलत असते; शाळेतला बेडूक, कुणाची खोडी, मनानं रचलेली कोडी. रुपाली ऐकते, हं हं म्हणते, मध्येच हसते. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलावं असंही काहीबाही साठलेलं असतं. ते मनातच ठेवून ती सुईत दोरा ओवते.