ब्लेडचं काम

मास्तरांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नाही, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं लोकांचे चेहरे साफ केले. काळा डाग असला की निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायची. पांढुरका व्रण असला की ब्लेडने तेवढीच जागा हलक्या हाताने खरवडायची. पेन्सिल चुकली तर पुसता येते. ब्लेडचं तसं नाही.

पुढे कॉम्प्युटर आला आणि मास्तरांना कुणी विचारेनासं झालं. जुने मालक वारले, त्यांचा मुलगा दुकान चालवतो. मास्तर फोटो कापतात, पाकिटात भरतात आणि उरलेला वेळ खुर्ची गरम करतात. लग्न केलं नाही. का, तर म्हणे जमलं नाही. जमलं नाही कसलं! जिच्याशी जमवायचं होतं, तिचा फोटो ह्याच माणसाने स्वतःच्या हाताने गुळगुळीत करून परक्याच्या घरी धाडला.

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मास्तर तेव्हा पंचविशीत होते. ती वडिलांबरोबर आली, स्थळांना दाखवायला फोटो हवा म्हणून. डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत भाजल्याचा पांढुरका व्रण. मालक म्हणाले, जरा उजव्या बाजूने काढू. ती म्हणाली, समोरूनच काढा. आवाज चढवला नाही की काही नाही, पण मालक मुकाट्याने कॅमेऱ्यामागे गेले. दिवा धरून उभ्या असलेल्या मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि गडी कामातून गेला.

मग शहाण्याने काय करावं? पत्ता काढावा, घरच्या कुणाला तरी विचारायला पाठवावं. ते राहिलं बाजूला, हा बाबा तीन दिवस ब्लेड घेऊन बसला. मालक म्हणालेसुद्धा, राहू दे तो व्रण, पोरीचीच ना नाही. पण ह्याच्या डोक्यात भलतंच. फोटो न्यायला ती येईल, बघून हरखेल, विचारेल कुणी केलं, आणि मग आपण सांगू. तिच्या ज्या धिटाईवर भाळला होता, तीच खरवडून काढतोय हे त्या गाढवाच्या लक्षात आलं नाही. देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून जे येत होतं ते त्याने केलं. न्यायला आले वडील. फोटो बघून त्यांचे डोळे भरून आले. दीड महिन्यात लग्न ठरल्याचं कानावर आलं.

त्या फोटोची एक प्रत मास्तरांनी खणात ठेवून घेतली आणि तिच्याशी मनातल्या मनात अख्खा संसार केला. दोन खोल्यांत ती कुठे काय मांडेल, कशावरून चिडेल, मुलगी झाली तर कुणाच्या वळणावर जाईल, सगळं ठरलेलं. मनातल्या संसारात भांडी घासावी लागत नाहीत, म्हणून तो इतका टिकला. शिवाय एक समाधान होतं, की आपल्या हाताने तिचं भलं झालं, कुठेतरी सुखात असेल. तेवढ्यावर माणसाने म्हातारपण काढायचं ठरवलं होतं.

आणि गेल्या मंगळवारी दुपारी ती दुकानात आली.

मास्तरांनी व्रणावरून ओळखलं. तिने मात्र ह्यांना ओळखलं नाही. टक्कल, जाड काचांचा चष्मा, पोक आलेलं, कुठून ओळखणार? तिने पर्समधून तोच फोटो काढून काउंटरवर ठेवला. मधोमध घडी पडलेली, कडा मळून गेलेल्या. म्हणाली, ह्याची निगेटिव्ह असेल तर व्रणासकट फोटो काढून द्या.

मालकांच्या मुलाला हे फारच सोपं वाटलं. "निगेटिव्ह कशाला, मावशी? पाच मिनिटांत व्रण टाकून देतो. हवा तसा."

"हवा तसा नको," ती म्हणाली. "होता तसा हवा."

मास्तर उठले. निगेटिव्ह कुठे आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, पण त्यांनी उगाच तीन खोकी उघडली आणि बंद केली. ती स्टुलावर बसून बोलत होती. नवरा परगावी नोकरीला, त्याने फोटोवरच होकार कळवला. खरा फोटो पाठवा म्हणून ती वडिलांशी भांडली, तर ते हात जोडायला लागले. लग्नानंतर नवऱ्याने हा फोटो तिच्या गालाशेजारी धरला आणि म्हणाला, फसवलंत. पुढे भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोटो बाहेर यायचा. दुसरा फोटो त्याने कधी काढूच दिला नाही. दोन महिन्यांपूर्वी तो गेला, आणि तिच्या लक्षात आलं की तरुणपणी आपण दिसायचो कशा, हे दाखवणारा कागदाचा कपटा घरात नाही.

"मी ठरवलं होतं," ती म्हणाली, "व्रण बघून जो हो म्हणेल, त्याच्याशीच लग्न करायचं. कुणी नाहीच म्हणालं, तर राहिलं."

मास्तरांनी निगेटिव्ह उजेडात धरली. म्हणाले, हे ब्लेडचं काम आहे, मूळचं आता परत यायचं नाही.

तिने काउंटरवरचा फोटो उचलला. मग म्हणाली, "केलं कुणी हे? माझ्या चेहऱ्याला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तेवढाही निघाला नाही.

"मालक करायचे," ते म्हणाले. "वारले ते."

मालकांच्या मुलाने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

तिने सुस्कारा सोडला. चेहरा जरा निवळला. फोटो पर्समध्ये टाकून ती उठली.

"बरं झालं विचारलं. इतकी वर्षं मला वाटायचं, तो दिवा धरून उभा होता ना, त्यानेच केलं. सगळे गालाकडे बघायचे, तो एकटा माझ्याकडे बघत होता. घरी जाऊन मी आईला सांगितलंसुद्धा, असा कुणी विचारायला आला तर हो म्हण. उगाच इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्या. कुठे असतो तो आता?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "काम सोडून गेला तो."

"असू दे," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरली.