टोचणाऱ्या घोंगडीचे चाचा

जन्मभर कापूस पिंजूनही तरुणपणापासून लोकरीच्या प्रेमात पडलेला दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. आमच्या गल्लीतले हे पिंजारी चाचा नांदेडच्या भर उन्हातही खांद्यावर काळी घोंगडी टाकून बाजाराला जातात आणि दुकानात गुळगुळीत ब्लँकेट दिसलं की मालकाला विचारतात, "ये कौन से जानवर का है?" मालक लेबल उलटून बघू लागतो. "मग मेंढरानं काय गुन्हा केला, भाई?" माझंही म्हणणं तेच आहे, फक्त मी ते आमच्या युवक मंडळाच्या पत्रकात छापतो. आमच्या मेंढपाळांची लोकर उकिरड्यावर जाते आणि आपण बाहेरून आलेलं प्लास्टिक पांघरून कुडकुडतो, याची लाज कुणालाच वाटत नाही! हे एकदा तावातावानं वाचून दाखवलं, तर चाचांनी माझ्या जॅकेटची बाही चिमटीत धरली. "लीडर, लिखा तो अच्छा है. पण तूच प्लास्टिक घालून राहिलास की रे!"

त्यांची खरी तऱ्हा पुढेच आहे. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीनं कडक असते, अंगाला टोचते. चाचा ती तीन हिवाळे स्वतः पांघरतात, मऊ झाली की कुणाला तरी देऊन टाकतात आणि पुन्हा कोरी आणतात. चाची म्हणते, "सगळ्या गावाला मऊ, अन् माझ्या घरात काटे!"

गेल्या हिवाळ्यात रेणापूरकडच्या त्यांच्या म्हाताऱ्या विणकराचा फोन आला. "चाचा, संक्रांतीला माग मोडतो. टोचतंय म्हणत्यात, घेणारं कुणी न्हाई." चाचांचं जेवणावरून मन उडालं. दोन दिवसांनी मला म्हणाले, "तेरे शिबिर को मैं आता." आमच्या मंडळाचं तंबूतलं शिबिर इस्लापूरजवळ, सहस्रकुंड धबधब्याच्या काठावर होतं. चाचांनी आजवर वाटलेल्या अठरा घोंगड्या घरोघर जाऊन उसन्या आणल्या आणि डोक्यापासून पोटरीपर्यंत खोळ कशी करायची ते पोरापोरींना शिकवलं. मी हट्टानं स्लीपिंग बॅगेतच निजलो. सकाळी ती दवानं चिंब, शेकोटीपाशी गेलो तर ठिणगीनं जॅकेटला भोक. चाचांनी आपली कडक घोंगडी अर्धी उघडली. "ये लीडर, आत ये." टोचली, पण दातांचं वाजणं थांबलं.

देवणीची एक मुलगी खोळीतूनच म्हणाली, "चाचा, मला ही पाहिजे." बाकीचेही तेच म्हणू लागले. एवढा माग वाचवायचा होता, तरी चाचा म्हणाले, "झूठ नहीं बोलूंगा. नवी तीन हिवाळे टोचते."

"टोचू द्या की! थंडी काय कमी टोचती का?"

चाचांनी तिथूनच फोन लावला. "माग मोडू नको रे. अठरा लोक टोचून घ्यायला तयार हैत!"

एकोणिसावी माझी. माग चालू आहे. यंदा मात्र चाचांच्या मानेला खडबडीत लोकर सोसत नाही, आणि मऊ तर त्यांनी एकही स्वतःला ठेवली नव्हती. माझ्या घोंगडीचा हा पहिलाच हिवाळा. लवकर मऊ व्हावी म्हणून मी दुपारीसुद्धा पांघरून बसतो, मान खाजवत. मऊ झाली की ती त्यांचीच आहे.